बेअरिंगच्या रिंगला कार्बुरायझिंग: थर किती, कसा आणि तो कुठे बिघडतो

कार्बुरायझिंग म्हणजे तापलेल्या पोलादात वरून कार्बन शिरवून पृष्ठभागाला कडक थर देणे. रोलर रिंगवर दाबला जातो तेव्हा सगळ्यात जास्त शिअर ताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) पृष्ठभागावर येत नाही, थोडा आत येतो. रोलरच्या बाबतीत ही खोली संपर्कपट्टीच्या (रोलर आणि रिंग जिथे टेकतात त्या पट्टीच्या) निम्म्या रुंदीच्या साधारण ०.७८ पट असते. कडक थर तिथेच संपला तर तडा खालून सुरू होतो आणि वरचा पोपडा सुटतो. म्हणून भट्टी पेटवण्याआधी खोलीचा हिशेब करा.

समजा निम्मी रुंदी ०.३ मिमी आहे. ताणाची खोली ०.२३ मिमी. थर निदान त्याच्या चौपट धरा, म्हणजे ०.९ मिमीच्या वर. ग्राइंडिंगमध्ये ०.१५ मिमी जाणार, तेव्हा भट्टीतून १.१ मिमी मिळायला हवा. ड्रॉइंगवरचा आकडा तयार रिंगचा असतो; तो तसाच भट्टीवाल्याला दिला की थर हमखास कमी पडतो. इथे थर म्हणजे ५५० एचव्ही (विकर्स मोजणीचा) कडकपणा जिथपर्यंत टिकतो ती खोली. कार्बन शिरलेली एकूण खोली याहून जास्त असते, साधारण दीडपट.

पोलाद ०.२० टक्क्यांच्या आसपास कार्बनचे घ्या: ग्रेड ८६२०, जाड रिंग असेल तर ४३२० किंवा ३३१०. ५२१०० मध्ये मुळातच १ टक्का कार्बन असतो. ते आरपार कडक करायचे पोलाद आहे, या कामाचे नाही.

रिंग धुऊन, सुकवून, एकमेकींना टेकणार नाहीत अशा रचा. तेलाचा डाग राहिला तर तिथे काजळी धरते आणि थर पातळ येतो. ९२५ अंश सेल्सिअसला एकूण खोली (मिमी) म्हणजे ०.६३५ गुणिले तासांचे वर्गमूळ. आपल्या १.१ मिमीच्या दीडपट, म्हणजे १.६५ मिमीसाठी ७ तास लागतात. थर दुप्पट हवा तर वेळ चौपट. सुरुवातीला कार्बन पोटेन्शियल (भट्टीतला वायू पोलादाच्या पृष्ठभागाला किती टक्के कार्बनपर्यंत नेऊ शकतो तो आकडा) १.० ते १.१ आणि शेवटच्या टप्प्यात ०.८ ते ०.८५ टक्के ठेवा. शेवटी तो उतरवला नाही तर पोलादाच्या कणांच्या सीमांवर कार्बाइडची (लोह-कार्बनच्या कडक संयुगाची) जाळी बसते, आणि अशी रिंग ठिसूळच होते.

भट्टीत कार्बन पोटेन्शियल मोजणाऱ्या प्रोबच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ०.०५ मिमी जाडीची शिम (पातळ पोलादी) पट्टी स्पिरिटने पुसून वजन करा, अर्धा तास भट्टीत ठेवा, भट्टीच्याच वायूत थंड करून पुन्हा वजन करा. १.२००० ग्रॅमची पट्टी १.२०९७ ग्रॅम झाली, तर वाढ ०.८० टक्के. त्यात पट्टीचा मूळचा ०.०६ टक्के कार्बन मिळवा: ०.८६. पट्टी निळसर निघाली तर हवा लागली आहे, तो आकडा टाकून द्या.

क्वेंचआधी (तेलात झटकन थंड करण्याआधी) तापमान ८४० अंशांपर्यंत उतरवून सगळीकडे सारखे होऊ द्या. मग ६० ते ८० अंशांच्या, नीट ढवळल्या जाणाऱ्या तेलात सोडा. कमी कार्बनचा गाभा आधी मार्टेन्साइट (झटकन थंड झाल्यावर बनणारी, फुगणारी कडक रचना) होतो, वरचा थर नंतर फुगतो आणि दाबाखाली राहतो. तडा उघडू न देणारा हाच दाब. सगळा खटाटोप खरे तर त्याच्यासाठी.

थरात ऑस्टेनाइट (गरम पोलादाची, मार्टेन्साइटमध्ये न बदललेली रचना) जास्त उरला तर रिंगचे माप पुढे वापरात बदलते. अचूक मापाच्या रिंगला क्वेंचनंतर लगेच उणे ७० ते ८० अंशांवर न्या, आणि तिथून वेळ न दवडता टेम्परिंगला (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवायला): १७० अंश, २ तास. पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) मिळायला हवा.

प्रत्येक बॅचसोबत त्याच पोलादाचा नमुना तुकडा ठेवा. तो कापून कडेपासून दर ०.१ मिमीला मायक्रोहार्डनेस (बारीक ठसा पाडून मोजलेला कडकपणा) घ्या. ठसे एकमेकांच्या फार जवळ येऊ नयेत म्हणून तिरप्या रांगेत पाडा.

आता ग्राइंडिंग. एंडो गॅसच्या (कार्बन देणाऱ्या वायूमिश्रणाच्या) भट्टीत क्रोमियम, मँगनीज आणि सिलिकॉनचे ऑक्सिडीकरण कणांच्या सीमांवर १०-२० मायक्रॉनपर्यंत शिरते. रेसवे (रोलर ज्यावरून धावतो तो रिंगचा पृष्ठभाग) घासला की ते निघून जाते, पण रिंग वाकडी झाली असेल तर एका बाजूला ०.३ मिमी निघेल आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही. म्हणून आधी रिंगची गोलाई मोजा.

चाक बोथट असेल किंवा कूलंट नेमका संपर्कावर पडत नसेल तर पृष्ठभाग जळतो, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ३ ते ५ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लात) बुडवून पाहा: राखाडी पृष्ठभागावर काळपट डाग म्हणजे तिथला कडकपणा उतरला, काळ्या कडेचा पांढरा डाग म्हणजे ती जागा तापून पुन्हा क्वेंच झाली, तडा तिथूनच जाणार. अशी रिंग पुन्हा घासून वाचवू नका, बाद करा.