हॉल, पॅसेज, किचन: लागून असलेल्या खोल्या रंगवताना या चुका टाळा

टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलं की डायनिंगचा कोपरा, पॅसेजचं तोंड, किचनची एखादी भिंत आणि दार उघडं असेल तर बेडरूमचाही तुकडा दिसतो. रंग ठरवताना मात्र आपण खोल्या वाटून घेतो. हॉल आईच्या पसंतीचा, बेडरूम मुलीच्या, पॅसेजला पेंटर म्हणेल तो. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. सोफा, मुख्य दार आणि जेवणाचं टेबल या तीन जागांवरून कोणत्या भिंती एकदम दिसतात ते आधी लिहून काढा आणि त्या भिंतींचे रंग एकत्रच ठरवा.

सगळ्यात फसवा रंग ऑफ-व्हाइट. "सगळीकडे ऑफ-व्हाइटच आहे, मग काय बिघडणार?" असं वाटतं. पण एक ऑफ-व्हाइट पिवळसर असतो, दुसरा गुलाबीकडे झुकतो, तिसऱ्यात राखाडी-हिरवी झाक असते. सुटे पाहिले तर तिन्ही छान दिसतात, शेजारी आले की त्यातला एक मळकट दिसायला लागतो. झाक ओळखायची असेल तर शेड कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा. फिकट शेडमध्ये लपलेली झाक तिथे उघडी पडते. लागून असलेल्या खोल्यांत झाक एकच ठेवा, कमी-जास्त करायचा तो गडदपणा.

फरशीही विसरू नका. आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर निळसर करडी भिंत आली की स्वच्छ फरशीसुद्धा पिवळी पडल्यासारखी दिसते. फरशी आणि ओट्याचा ग्रॅनाइट बदलायचा नसतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

रंग लागल्यावर "कार्डवर हा असा नव्हता" ही तक्रार हमखास येते. डबा परत करायला धावण्याआधी दिवे बघा. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा हे सांगणारा आकडा) पिवळसर दिवे आणि पॅसेजमध्ये ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब असेल तर एकाच डब्यातला रंग दोन रंगांचा दिसणारच. सलग दिसणाऱ्या भागात दिवे एकाच केल्विनचे लावा. मला ४००० सोयीचा वाटतो. नमुना बघायचा तर जुन्या रंगाच्या भिंतीवर छोटा ठिपका लावून भागत नाही, कारण आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. दोन फुटांच्या प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि तो तुकडा खोलीखोलीत नेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री बघा. इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यात कालवलेला रंग, वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर निर्णय नको.

पॅसेजला खिडकी नसते म्हणून तिथे शुभ्र पांढरा देतात. कमी उजेडात तो करडा आणि उदास दिसतो. हॉलचाच रंग पॅसेजमध्ये पुढे नेणं जास्त बरं.

आता दोन रंग मिळतात ती जागा. दाराला चौकट असेल तर प्रश्न नाही, रंग तिथे थांबतो. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये नुसता बीम असतो तिथे मात्र गोंधळ उडतो. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर रंग बदलू नका. ती कड क्वचितच सरळ असते, मास्किंग टेप लावूनही रेघ वाकडी दिसते, शिवाय धक्का लागून टवके उडतात. एक रंग कडेवरून वळवून आतल्या कोपऱ्यापर्यंत न्या. बीमच्या खालच्या बाजूला कोणता रंग येणार हेही पेंटरला काम सुरू होण्याआधी सांगा, नाहीतर तो त्याच्या सोयीने ठरवतो.

सलग भिंतींसाठी एकाच शेड कोडचे दोन-तीन डबे लागत असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. मशीनवर मिसळलेल्या रंगातही डब्यागणिक किंचित फरक पडू शकतो. फिनिशही तपासा. तोच कोड मॅटमध्ये शांत दिसतो आणि चकाकीच्या फिनिशमध्ये वेगळा.

रंग लागून गेला असेल आणि खटकत असेल, तर आधी दिवे बदला. तरीही जमलं नाही तर सगळं घर परत रंगवायला काढू नका. बहुतेकदा पॅसेज किंवा डायनिंगची एक भिंत मोठ्या खोलीच्या रंगात घेतली की काम भागतं.