वाचनालयात मोफत व्याख्यान ठेवायचं असेल तर

व्याख्यान ठरवायची बैठक भरली की पहिला प्रश्न येतो, "वक्ता कोण?" मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे मी आधी कपाटांकडे बघते. ज्या विषयावर आपल्याकडे निदान आठ-दहा बरी पुस्तकं आहेत, तोच विषय घ्यावा. ऐकून उठलेल्या माणसाच्या हातात त्याच संध्याकाळी पुस्तक देता येणं, ही सोय मंगल कार्यालयात किंवा नाट्यगृहात नसते, ती आपल्याकडेच असते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हा नियम मी व्याख्यान ठरवताना कायम डोळ्यांपुढे ठेवते. वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं चांगलं पुस्तक एका तासाच्या बोलण्यानंतर लोक नाव घेऊन मागतात. मोफत व्याख्यानाची सगळी खटपट मी त्यासाठी करते.

विषय नेमका हवा. 'आपला इतिहास आणि आपण' असा विषय दिलात तर चांगला वक्ताही पसरट बोलतो आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. 'वीरगळ कसा वाचायचा' असा विषय द्या, मग बघा. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आपल्याकडे गावोगाव देवळाबाहेर नाहीतर पाराखाली उभे असतात, पुष्कळदा शेंदूर फासलेले. त्यांच्यावर बहुधा तीन-चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. तिथे गाईगुरं कोरलेली असली तर तो गोधन राखताना पडला असं समजायचं. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो त्याची कीर्ती राहो. एवढं कळलेला श्रोता दुसऱ्या दिवशी आपल्याच गावच्या दगडासमोर थांबतो. मोडी लिपीवरही असंच व्याख्यान होतं. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, हे फळ्यावर करून दाखवलं की सभागृह पुढे सरकून बसतं. साहित्यावर ठेवायचं तर एका कवीची एकच कविता घ्या, तत्त्वज्ञानावर ठेवायचं तर एकच प्रश्न.

वक्त्याला फोन करताना श्रोते कोण आहेत ते सांगायचं: निवृत्त मंडळी किती, कॉलेजची मुलं येणार का, विषयाची तोंडओळख कितपत आहे. "सर, पंचेचाळीस मिनिटं बोला, वीस मिनिटं प्रश्नांना ठेवू," असं आधीच स्पष्ट बोलून घ्यावं, त्यात संकोच नको. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. जवळच्या कॉलेजात इतिहास किंवा भाषा शिकवणारी माणसं, जुनी कागदपत्रं वाचणारे अभ्यासक, पीएच.डी. करणारे विद्यार्थी फार मनापासून बोलतात, आणि त्यांना कुणी बोलावत नाही. मात्र एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: व्याख्यान श्रोत्यांना मोफत आहे, वक्त्याचे कष्ट मोफत नाहीत. प्रवासखर्च आणि थोडं का होईना मानधन पाकिटात घालून त्याच दिवशी द्यायचं. पैशांची सोय नसेल तर ते पहिल्याच फोनवर सांगायचं.

तारखेचं थोडक्यात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या दोन दिवशी चांगले वक्ते मोकळे सापडत नाहीत आणि श्रोतेही विभागले जातात. परीक्षा आणि सणांचे आठवडे टाळा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, तिच्यासारखं ओळीने रोज व्याख्यान ठेवायचा मोह छोट्या वाचनालयांना होतो. मनुष्यबळ नसेल तर महिन्यातला एक ठरलेला वार धरा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, आणि तो मोडू नका. वार पाठ झाला की निम्मी जाहिरात आपोआप होते. उरलेल्या निम्म्यासाठी दारातला फळा, सभासदांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पुस्तक बदलून देताना तोंडाने केलेलं आमंत्रण. या शेवटच्या आमंत्रणाने सगळ्यात जास्त माणसं येतात, असा माझा अनुभव आहे. फळ्यावर 'प्रवेश मोफत, सभासद नसलात तरी या' असं ठळक लिहा. वर्गणी न भरलेला माणूस दारातून परत जातो, त्याला आत यायचा हक्क आहे हे कळायला हवं.

खोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडा. पंख्याचा आवाज येत असेल तर वक्त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. खोली लहान असली तरी माइक हवाच, कारण पुढच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू येत नसलं तरी ते तसं म्हणत नाहीत. दीपप्रज्वलन, अध्यक्षीय मनोगत, शाल-श्रीफळ, सत्कारांवर सत्कार यांत अर्धा तास जातो आणि लोकांची ताजी उमेद तिथेच संपते. प्रास्ताविक दोन मिनिटांचं करा, वक्त्याची ओळख त्यातच द्या, आणि पुस्तक भेट द्यायचं ते शेवटी.

कविता किंवा उतारा छापून वाटायचा असेल तर लेखकाचं मृत्युवर्ष बघा. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. मुदत संपलेली असेल तर खुशाल झेरॉक्स काढा, नसेल तर मूळ पुस्तकच हातोहात फिरवा. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग करायचं तर वक्त्याची परवानगी आधी, लेखी घ्या.

प्रश्नोत्तरांना बरेच संयोजक उरलासुरला वेळ देतात. माझ्या मते ते कार्यक्रमाचं निम्मं अंग आहे. सुरुवातीलाच प्रत्येक खुर्चीवर कोरी चिठ्ठी आणि मधूनमधून पेन्सिली ठेवा. उभं राहून बोलायला लाजणाऱ्या बायका, शाळकरी मुलं चिठ्ठीवर फार नेमकं विचारतात. त्यांच्या चिठ्ठ्या आधी घ्या. तोंडी प्रश्न आला की सूत्रसंचालकाने तो माइकवर पुन्हा म्हणायचा, म्हणजे मागच्यांनाही कळतो. एखादे काका प्रश्नाच्या नावाखाली दुसरं व्याख्यान सुरू करतात, त्यांना "काका, यातला नेमका प्रश्न सांगता का, सरांना विचारू," असं म्हटलं की पुरतं.

आता व्याख्यानाच्या विषयावरची पुस्तकं मांडायचं टेबल. याच्यासाठी मी आदल्या दिवशी अख्खी दुपार राखून ठेवते. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे ज्ञानशाखेनुसार पुस्तकांना आकडे देऊन ती कपाटात लावायच्या पद्धतीत, एका विषयाची पुस्तकं एका जागी नसतात. वीरगळांचंच घ्या: शिल्पकलेची पुस्तकं ७३० मध्ये, भारताचा इतिहास ९५४ मध्ये, धर्मविषयक २०० च्या रांगेत, आणि एखादी ऐतिहासिक कादंबरी ८९१.४६ च्या मराठी साहित्यात. वाचक एकट्याने ही सगळी कपाटं फिरत नाही. तुम्ही ती पुस्तकं काढून एका टेबलावर मांडा, सोप्यापासून अवघडाकडे. जिथे विषयाशी थेट संबंध आहे त्या पानात कागदाची पट्टी घाला. वक्त्याला पुस्तकांची यादी आधीच पाठवली तर तो बोलता बोलता "हे तिथे टेबलावर आहे" म्हणतो, आणि मग काम सोपं होतं. टेबल दाराच्या वाटेवर असावं, कोपऱ्यात नको.

कार्यक्रम संपल्यावर देवघेव अर्धा तास उघडी ठेवा, सभासदत्वाचे अर्ज तिथेच असू द्या. जे पुस्तक कुणीतरी आधीच नेलं त्याच्यासाठी वहीत नाव आणि फोन लिहून घ्या, आणि ते परत आलं की आठवणीने कळवा. टेबल आठवडाभर तसंच राहू द्या. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत ते "काय झालं परवा?" विचारत येतात, आणि त्यांना दाखवायला समोर काहीतरी असतं.