स्पोर्ट्स कारच्या सीटला पॉवर लंबर बसवताना

पॉवर लंबर म्हणजे सीटमध्ये बसवलेला, बटणाने कमी-जास्त होणारा कमरेचा आधार. स्पोर्ट्स कारच्या सीटची पाठ मुळातच पातळ असते, म्हणून हवेची चपटी पिशवी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप असलेलं किटच घ्या. कव्हर काढण्याआधी टॉवेलची घडी कमरेच्या खोलगट भागात, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर ठेवून तासभर गाडी चालवून बघा. जिथे बरं वाटलं तिथे खडूने खूण करा. पिशवी तिथेच, फोमच्या मागे. ती दोन बोटं वर सरकली तरी कमरेऐवजी पाठच पुढे ढकलली जाते! वीज इग्निशननंतर चालू होणाऱ्या फ्यूजमधून घ्या. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर कृपा करून घाई नको: आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला टेस्टर लावू नका.