टेम्प्लेटमध्ये लिस्ट फिल्टर करताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे फॉर लूपला (लिस्टमधली एकेक वस्तू घेऊन फिरणारा कोड) लिमिट चार लावायचं आणि आत इफ टाकून कंडिशन तपासायची. लिक्विडमध्ये (शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या प्लॅटफॉर्मची टेम्प्लेट भाषा) लिमिट आधी लागतं, इफ नंतर चालतो. म्हणजे बाजारात टोपलीतले वरचे चार मासे डोळे मिटून उचलायचे आणि घरी येऊन त्यात इसवण (सुरमई) शोधायची.

म्हापशाच्या एका काजूवाल्यांची शॉपिफायवरची साइट अशीच माझ्याकडे आली. होमपेजवर 'चवथ स्पेशल', म्हणजे गणेश चतुर्थीचं सेक्शन, त्यात चवथीचा टॅग असलेली चार प्रॉडक्ट यायला हवीत. आधीच्या पोराने टेस्टिंगला मोजकी प्रॉडक्ट टाकलेली, सगळ्यांना टॅग, त्यामुळे त्याला सगळं मस्त दिसलं, पैसे घेतले आणि गेला. मग मालकांनी सोलं, खाजं, फणसाची साटं असा खरा माल चढवला, नवीन माल लिस्टमध्ये वर, टॅगवाला खाली, आणि चवथ दारात आली असताना मोठ्ठं हेडिंग अन् खाली पांढरी जागा. मालकांचा फोन, "अरे बाबा, दुकानात पाय ठेवायला जागा नाय आणि साइटवर कायच नाय?" वर 'लवकरच येत आहे' हा मेसेज पण नाही, कारण लिक्विडमध्ये फॉरचा एल्स मूळ लिस्टच रिकामी असेल तर चालतो, इफने सगळं गाळलं तर नाही. त्या पोराने एल्स लिहिलेला, पण तो कधी चालणारच नव्हता.

लिमिट काढून काउंटर ठेवायचा आणि चार झाले की ब्रेक, हा एक उपाय. पण शॉपिफायमध्ये पॅजिनेट (लिस्ट पानांमध्ये तोडणारा टॅग) नसेल तर फॉर लूप ५० फेऱ्यांवर थांबतो, तुमचं प्रॉडक्ट एकावन्नावं असेल तर बसा शोधत. म्हणून मी सरळ अ‍ॅडमिनमध्ये त्या टॅगचं वेगळं ऑटोमॅटिक कलेक्शन करतो आणि टेम्प्लेटमध्ये तेच फिरवतो. मग लिमिटही बरोबर लागतं, एल्सही चालतो. टेम्प्लेट दाखवण्यासाठी असतं, निवडण्याचं काम होता होईतो आधीच उरकावं. जँगोवाले (पायथनचा वेब फ्रेमवर्क) हेच व्ह्यूमध्ये, म्हणजे टेम्प्लेटच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये करतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

दुसरी माझी आवडती, अँड-ऑरची खिचडी. 'काजू किंवा सोलं, आणि स्टॉकमध्ये असलेलं' हे जसं बोलतो तसंच लोक लिहितात. लिक्विड उजवीकडून डावीकडे वाचतं, म्हणजे आधी 'सोलं आणि स्टॉक' एकत्र होतं आणि काजू मोकळाच सुटतो, संपलेला असला तरी दिसतो. कंसही चालत नाहीत. व्हिडिओ बघून कॉपी-पेस्ट करणारे स्टॉकची अट उचलून पुढे आणतात आणि ते चालतंही, पण का चाललं ते विचारा, गप्प. मी एकात एक दोन इफ लिहितो, बाहेर स्टॉक, आत बाकीचं. चार ओळी वाढल्या तर वाढू देत.

बाकीच्या पटापट.

लिक्विडमध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही ट्रू असतात, त्यामुळे नुसतं 'ऑफर असेल तर' लिहिलं की मजकूर नसलेल्या ऑफरचीही पट्टी झळकते. 'ब्लँक' या रिकाम्यासाठीच्या शब्दाशी तुलना करा.

कन्टेन्स ('यात हे आहे का' ही अट) टायटलवर लावलं तर 'काजू' शोधताना 'काजूगर'पण येणार. टॅगच्या लिस्टवर लावलं तर पूर्ण टॅगच जुळतो, मग टॅगवरच लावा ना.

फिल्टर झालेल्यांमध्ये स्वल्पविराम घालायला फॉरलूप डॉट लास्ट (ही शेवटची फेरी आहे का ते सांगणारं) वापरू नका, ते गाळलेलेही मोजतं. जिंजामध्ये (पायथनवाल्यांची टेम्प्लेट भाषा) इफ फॉरच्याच ओळीत लिहिला तर लूपची मोजणी आणि एल्स दोन्ही बरोबर येतात. फक्त जिंजाच्या अट लावून गाळणाऱ्या सिलेक्टअ‍ॅटरने गाळलेलं मोजायचं असेल तर आधी 'लिस्ट' हा फिल्टर लावा, नाहीतर मोजणाऱ्या 'लेंग्थ'वर एरर.

ट्विगवाल्यांनो (पीएचपीची टेम्प्लेट भाषा), फॉरच्या ओळीतला इफ ३.० मध्ये काढून टाकलाय, आता फिल्टर आणि अ‍ॅरो फंक्शन (अट सांगणारं छोटं फंक्शन). जुनी थीम अपडेट करून मला रात्री स्क्रीनशॉट पाठवण्याआधी एवढं एकदा बघा.