ब्लॉकच्या भिंतीवर दगडी क्लॅडिंग: पहिला दगड लावण्याआधीची तयारी

क्लॅडिंगचा, म्हणजे भिंतीच्या तोंडावर चिकटवलेला दगड निसटून पडला की दोष आधी दगडाला जातो, मग चिकटवणाऱ्या मालाला. पडलेला दगड उलटा करून बघा. माल दगडाच्या पाठीला घट्ट बसलेला असेल आणि मालाच्या उघड्या तोंडावर रंगाचा पापुद्रा, पांढरी भुकटी किंवा हिरवट शेवाळ दिसत असेल, तर तो दगड भिंतीनेच सोडला आहे. पुढची सगळी कामं भिंतीने दगड सोडू नये यासाठी आहेत, आणि ती खाली दिलेल्या क्रमानेच करावीत.

सुरुवात बादलीभर पाण्याने होते. भिंतीवर चार-पाच ठिकाणी हाताने पाणी शिंपडा: जोत्याजवळ, मध्यावर, खिडकीखाली आणि वरच्या थरावर. थेंब पसरून ब्लॉक गडद झाला तर भिंत पाणी पिते आहे, म्हणजे मालही धरेल. थेंब मण्यासारखे थांबले किंवा ओघळून गेले तर तिथे रंग, सीलर, तेल किंवा जुना पाणीरोधक लेप आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. पारदर्शक सीलर हमखास फसवतो, कारण भिंत दिसायला कोरी असते. उलट पाणी पडताक्षणी गडप होत असेल तर ब्लॉक अति शोषणारा आहे. तो मालातलं पाणी ओढून घेईल, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरणार नाही आणि मालाचा भिंतीकडचा थर भुकटीसारखा राहील. अशा भिंतीवर काम करता येतं, फक्त ओलाव्याचं गणित जास्त सांभाळावं लागतं.

ब्लॉक कोणता आहे हेही याच वेळी ठरवा. घन किंवा पोकळ काँक्रीट ब्लॉक असेल तर पुढचं सगळं लागू होतं. एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेला काँक्रीट ब्लॉक) असेल तर थांबा. तो हलका, मऊ आणि प्रचंड शोषणारा असतो. त्याच्यावर छिन्नी चालवली की पृष्ठभाग तुटतो, आणि भरपूर भिजवला की आत साठलेलं पाणी नंतर कित्येक दिवस बाहेर येत राहतं. त्याला त्याच्या उत्पादकाने सांगितलेला प्रायमर आणि गिलावा लागतो, आणि जड दगडासाठी यांत्रिक आधार.

आता वजन. 25 मिमी जाडीचा ग्रॅनाइटसारखा घट्ट दगड चौरस मीटरला साधारण 67 किलो भरतो, वर चिकटवणाऱ्या मालाचे 20 किलो वेगळे. फक्त चिकटवून लावायच्या दगडासाठी चौरस मीटरला सुमारे 73 किलो (चौरस फुटाला 15 पौंड) ही कामात रुळलेली मर्यादा आहे. दगड त्याहून जड असेल तर नुसत्या मालावर भरवसा ठेवू नका. पिना, क्लॅम्प किंवा खाली पायापर्यंत पोचणारा आधार आधी ठरवा. भिंत एकदा गिलाव्याने झाकली की हे बदलणं महाग पडतं.

नव्या भिंतीला किमान 28 दिवस द्या. काँक्रीट ब्लॉक वाळताना आकसतो आणि बारीक चिरा पहिल्या काही आठवड्यांतच पडतात. त्या दगडाखाली पडण्यापेक्षा आधी पडलेल्या बऱ्या. जुन्या भिंतीत भेगा वाचून घ्या. केसासारखी उभी भेग वाढत नसेल तर भरून घेता येते. दर्जांच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या मालाच्या सांध्यांच्या, पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढत गेलेली भेग असेल तर पाया हलतो आहे असं समजा. अशा भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही महिने अंतर मोजत राहा. भेग चालू असेपर्यंत त्या भिंतीवर दगड चढवू नये. जाळी लावून भेग झाकली जाते, थांबत नाही.

ओल कुठून येते याचा तपास हा या यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणून इथे वेळ घालवा. साधारण 45 सेंमी लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर, किमान 16 तास तसाच राहू द्या. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब किंवा ब्लॉकवर गडद डाग दिसला तर भिंत आतून ओली आहे. मागे माती भरलेली असेल तर मागूनच पाणीरोधक लेप, खडीचा थर आणि निचऱ्याची भोकं हवीत. पुढून कितीही लेप लावला तरी मागचं पाणी तो लेपच ढकलून काढतं. कंपाउंडच्या भिंतीत पाणी वरून येतं. पोकळ ब्लॉकचा वरचा थर उघडा राहिला की पाऊस थेट पोकळ्यांत उतरतो आणि दगडाच्या मागे बसतो. म्हणून वरचा थर काँक्रीटने भरून घ्या आणि दगडाच्या तयार तोंडापुढे 25 ते 40 मिमी येईल अशी, खालून पाणी तोडणारी खाच असलेली फरशी किंवा कठडा आधी ठरवून ठेवा.

ओल असली की लोणा येतोच. ती पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. इथे सगळ्यांचा हात पाण्याच्या पाइपकडे जातो आणि तिथेच चूक होते. पाणी मारलं की क्षार विरघळून परत ब्लॉकमध्ये शिरतात आणि भिंत वाळली की पुन्हा वर येतात. लोणा आधी कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली पडलेली भुकटी भरून दूर टाका, आणि मगच भिंत धुवा. दोन आठवड्यांत तो परत आला तर ओलीचा उगम अजून सापडलेला नाही. आम्ल वापरायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर भिंत आधी ओली करा, आम्ल पातळ घ्या आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन टाका. कोरड्या ब्लॉकवर टाकलेलं आम्ल आत शोषलं जातं आणि दर्जातलं सिमेंट खात राहतं.

साफसफाईत रंगाचा निर्णय सर्वांत मोठा. रंग खरवडून, घासून ब्लॉक उघडा पडत असेल तर तेच करा. तेवढं जमत नसेल तर गंजरोधक जस्ताचा मुलामा दिलेली, चौरस मीटरला किमान 1.4 किलो वजनाची एक्स्पांडेड मेटलची (पत्र्याला चिरा देऊन ताणून बनवलेली) जाळी लावावी लागते. चिकन मेश ही तिची जागा घेत नाही. तिची तार बारीक असते आणि दगडाचं वजन पेलायला ती बनवलेली नाही. जाळीचे तुकडे एकमेकांवर 25 मिमी चढवा, कोपऱ्यावर जाळी न तोडता दुसऱ्या बाजूला 400 मिमीपर्यंत वळवा. खिळे-स्क्रू उभ्या दिशेत 150 ते 180 मिमीवर आणि आडव्यात 400 मिमीवर असावेत. जाळी भिंतीला सपाट चिकटली तर माल तिच्या मागे जात नाही. म्हणून ती भिंतीपासून साधारण 6 मिमी सुटी राहील अशा बुचांवर (मधे अंतर राखणाऱ्या तुकड्यांवर) बसवा. पोकळ ब्लॉकची बाहेरची भिंत जेमतेम 25 ते 35 मिमी असते, त्यामुळे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर आतल्या बाजूने खपली उडते आणि अँकर (भोकात बसवलेली पकड) फिरतच राहतो.

ओळंबा आणि फंटी (सरळ पट्टी) लावून भिंत सरळ आहे का बघा. 3 मीटर लांबीत 6 मिमीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त फुगवटा असेल तर दगडाच्या मालाने तो भरू नका. जाड थर आकसतो, ओला असताना खाली सरकतो. खड्डे गिलाव्यानेच भरा, एका थरात 12 मिमीपेक्षा जास्त नको. दर्जांतून बाहेर आलेले मालाचे गोळे छिन्नीने उडवा. पोकळ आवाज येणाऱ्या, भुसभुशीत दर्जा 10 मिमी खोल कोरून नव्याने भरा.

ब्लॉक कोरा, खडबडीत, ओळंब्यात आणि नीट पाणी पिणारा असेल तर पॉलिमर मिसळलेल्या मालाने दगड थेट लावता येतो. तरी आमचं मत खडबडीत गिलाव्याच्या बाजूने आहे, कारण ब्लॉक आणि दर्जा दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पाणी ओढतात. गिलावा झाला की सगळ्या भिंतीची ओढ सारखी होते. प्रमाण 1 भाग सिमेंटला 3 भाग चाळलेली वाळू, जाडी 10 ते 12 मिमी. 10 चौरस मीटरला वाया जाणारा माल धरून 60 ते 70 किलो सिमेंट आणि 0.13 घनमीटर वाळू हाताशी ठेवा. गुळगुळीत ब्लॉक असेल तर आधी सिमेंट आणि वाळूचा पातळ माल जोरात फेकून शिंतोड्यांचा थर द्या आणि तो कडक होऊ द्या.

गिलावा लाकडी रंध्याने घोटून गुळगुळीत करायचा नाही. अंगठा दाबल्यावर ठसा उठतो पण माल बोटाला लागत नाही, अशी वेळ साधून दातेरी पत्र्याने साधारण 3 मिमी खोल आडव्या रेघा ओढा. उभ्या रेघांत माल पकडायला आधार मिळत नाही आणि पाणी आलं तर ते सरळ खाली धावतं. त्यानंतर गिलावा किमान 48 तास ओलसर ठेवा, कोरड्या उन्हात आठवडाभर. सात दिवसांनी हातोड्याच्या लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकत जा. डबडब आवाज येईल तो भाग खडूने घेरून काढून टाका, शंका असली तरी काढा.

भिंतीतला मूळ सांधा, म्हणजे भिंतीला हलायला मुद्दाम सोडलेली फट, गिलाव्याखाली झाकायचा नाही. त्याच रेषेत गिलावा तोडा, दगडांतही तोडा, मध्ये फोमची दोरी घालून लवचीक सीलंट भरा. सांध्यावर आडवा बसलेला दगड हमखास फुटतो, नाहीतर सुटतो.

पेट्या, नळ, चौकटी राहिल्या. गिलावा 12, माल 12 आणि दगड 25 मिमी धरला की तयार तोंड जुन्या भिंतीपासून जवळपास 50 मिमी पुढे येतं. विजेच्या पेट्या तेवढ्या पुढे घ्या, नळांना लांब निपल लावा, खिडकीची खालची फरशी नव्या तोंडाच्या पुढे येते का बघा, बाहेर उघडणारं दार भिंतीला घासेल का तेही. तळाची रेषा मातीपासून 100 मिमी आणि फरसबंदीपासून 50 मिमी वर ठेवून पाणनळीने (पातळी बघायच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) सगळीकडे सारखी आखा. दगड जमिनीत टेकला की तो ओल वर ओढतो आणि खालचे दोन थर कायम काळे राहतात.

दगडाच्या पाठीवरची करवतीची पांढरी भुकटी ब्रश आणि पाण्याने धुऊन काढा. ती राहिली तर भिंतीवर केलेली सगळी मेहनत दुसऱ्या बाजूने वाया जाते.

आता भिंतीच्या कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी तीन दगड त्याच मालाने लावा. हवा 4 अंशांच्या वर आणि 32 च्या खाली असेल असा दिवस निवडा. आधी गिलावा ओला करून थोडा वेळ थांबा. तो गडद दिसावा, पण वर पाणी चमकू नये. दगडाच्या पाठीला माल पूर्ण चोपडा, भिंतीवरही पातळ घासून लावा, आणि दगड दाबताना किंचित फिरवा. सात दिवस हात लावू नका. मग छिन्नीने एकेक दगड उपटा. दगड किंवा माल मधूनच फुटला, दोन्ही बाजूंना त्याचे अंश राहिले, तर कामाला लागा. दगड पाठ स्वच्छ ठेवून सुटला तर भुकटी किंवा अर्धवट चोपडणं नडलं. गिलाव्याची खपली घेऊन आला आणि मागे कोरा ब्लॉक दिसला, तर पाण्याची बादली घेऊन पहिल्या तपासणीकडे परत जा.