रिकाम्या टोपलीचे खरे कारण

सहा तास होडीत बसूनही गळाला एकही मासा लागला नाही, तेव्हा मी आमिषालाच दोष दिला; वास्तविक ते बिचारे तळापर्यंत पोहोचतच नव्हते. अमावास्येच्या उधाणामुळे पाण्याला जोराची ओढ होती, नांगराचा दोर खोलीच्या जेमतेम दीडपट सोडल्याने नांगर तळावरून फरफटत होता आणि गळाला बांधलेले 50 ग्रॅमचे शिसे गळाच्या तिरप्या झालेल्या दोरीबरोबर वर उचलले जात होते. पुढच्या खेपेस मी अष्टमीचा भांग, म्हणजे कमी ओढीच्या भरती-ओहोटीचा दिवस निवडला, दोर खोलीच्या पाचपट सोडला आणि 150 ग्रॅमचे शिसे बांधले. ते तळाला टेकताच बोटाला बारीक ठोका जाणवला आणि दोरी सैल पडली. ओढ मंदावल्यावर अर्ध्या तासात तीन मासे मिळाले. आमिष मात्र तेच होते.