वाघ्याला जस्त द्यायचंय? आधी चुना आणा

साताऱ्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, म्हणजे तिकडचा राजमा, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण राजमा-घेवडा कुठलाही असो, सामानाच्या कागदावर पहिल्या ओळीत चुना लिहा. झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, दुसऱ्या ओळीत. त्याच्या फवारणीत चुना नसला तर पानं करपतात.

माती परीक्षणाचा अहवाल लागेल, आणि त्यात सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासलेली हवीत. नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशच्या कागदाचा इथे काही उपयोग नाही. नमुना प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ती बादलीत केलात तर बादलीचंच जस्त अहवालात उतरेल. जस्ताचा आकडा ०.६ पीपीएमच्या (दहा लाखात ०.६ भाग) खाली असला तर जमिनीतून जस्त द्यायचंच. चुनखडीचं रान, सामू (पीएच) आठच्या वर, म्हणजे कमतरता बहुतेक असतेच. रानात आधीच चुनखडी आहे, मग फवारणीत कशाला, असा हिशोब मात्र लावू नका. तिकडचा चुना मुळांना नडतो, इकडचा पानं वाचवतो.

झिंक सल्फेटची पिशवी घेताना टक्केवारी वाचा. २१ टक्केवालं असेल तर एकरी आठ ते दहा किलो, ३३ टक्केवालं असेल तर पाच ते साडेसहा किलो पुरे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून आठ-दहा दिवस ढीग झाकून ठेवा आणि पेरणीच्या वेळी सरीत द्या. डीएपीत, म्हणजे नत्र-स्फुरदाच्या खतात, मिसळू नका. दुकानदार म्हणेल चालतंय, तरी नको. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की न विरघळणारा साका होतो आणि दोन्हींचे पैसे मातीत जातात. शिवाय स्फुरद जास्त झालं की दाण्यात फायटेट वाढतं आणि ते खाणाऱ्याच्या पोटात जस्त अडवतं. एकदा दिलेलं दोन-तीन हंगाम पुरतं, त्यामुळे दर वर्षी ओतायची गरज नाही.

इथवर झालं ते झाडासाठी. दाण्यात जस्त वाढवायचं असेल तर पानांवर फवारावं लागतं: एकदा फुलोऱ्यात, एकदा शेंगांत दाणा भरताना. दुसरी फवारणी लोक गाळतात, आणि दाण्यासाठी तीच जास्त कामाची. कोरड्या घेवड्यात किलोमागे साधारण २५ ते ३५ मिलिग्रॅम जस्त असतं, त्यात भर पडते ती मुख्यतः याच वेळी.

आता चुना. १५ लिटरच्या पंपाला २१ टक्केवालं झिंक सल्फेट ७५ ग्रॅम आणि विझवलेला चुना त्याच्या निम्मा, सदतीस-अडतीस ग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर एक किलोला अर्धा किलो. चुना आदल्या संध्याकाळी भिजवायचा. सकाळी पंप खांद्यावर घेतल्यावर आठवून उपयोग नाही, कारण गढूळ चुना नोझल तुंबवतो आणि निवळी बसायला रात्र लागते. वरची स्वच्छ निवळी फडक्यातून गाळून घ्या, झिंक वेगळ्या पाण्यात विरघळवा, मग निवळी हळूहळू त्यात सोडा. ड्रम प्लॅस्टिकचा. झिंक सल्फेटचं पाणी आंबट असतं. चुन्याशिवाय मारलं की घेवड्याची कोवळी पानं कडेने करपतात. मागच्या खेपेला माझ्या रानात तेच झालं, आणि शेजारी विचारत होते कुठला रोग आलाय. म्हणून परत विचारतो: चुना भिजवला का? चिलेटेड झिंक (सेंद्रिय संयुगात बांधलेलं जस्त) आणलं असेल तर चुना लागत नाही, त्यात तो टाकूही नका. पण पिशवीवर सल्फेट लिहिलेलं असेल तर चुना.

फुलोऱ्यात दोन टक्के डीएपी फवारायची सवय आहे आपल्याकडे. मारा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या पंपाने किंवा धुतलेल्या पंपाने. कारण वर सांगितलंय.

फवारणी ऊन उतरल्यावर. पाऊस दिसत असेल तर थांबा. हातमोजे, चष्मा, चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. दोन ओळी न फवारता सोडा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? काढणी, मळणी नेहमीसारखी. दोन्हीकडचा दाणा वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत, नाव-तारीख लिहून प्रयोगशाळेत.

दुसऱ्या फवारणीलाही चुना लागतो. आदल्या संध्याकाळीच.